आगीत जळालेलं चर्च पुन्हा उभारायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा: तीन आठवड्यांपूर्वी चर्चला आग लागली. छप्पर गेलं, आतलं लाकूडकाम गेलं, दगडी भिंती मात्र उभ्या आहेत. मंडळीत दोन तट पडलेत. निम्म्यांना होतं तसंच चर्च हवंय, बाकीचे म्हणतात झालं ते झालं, आता मोठं आणि बिनखांबांचं सभागृह बांधू. एका बिल्डरने भिंती पाडून नवा आराखडा फुकट काढून देतो असं कळवलंय. पुढच्या नाताळची उपासना नव्या इमारतीत व्हावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. प्रश्न विचारणारे बांधकाम समितीत आहेत, बांधकामातलं फारसं कळत नाही असं ते प्रामाणिकपणे म्हणतात, आणि सुरुवात कुठून करायची हे त्यांना हवंय.

जुन्या दगडी-विटांच्या इमारतींची दुरुस्ती हेच माझं गेल्या पंचवीस वर्षांचं काम. त्यातल्या बऱ्याच इमारती आगीत सापडलेल्या होत्या. म्हणून आधीच सांगतो, 'जुनं की नवं' हा वाद सध्या बाजूला ठेवा. तो महत्त्वाचा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला लागणारी माहिती आज कुणाकडेच नाही. तुमच्याकडे नाही, फादरांकडे नाही, त्या बिल्डरकडे तर नाहीच. भिंतींत किती जीव उरलाय हे कुणी तपासलेलं नाही, विम्याचे किती मिळणार हे ठरलेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडून जो निर्णय मागितला जातोय तो नवव्या-दहाव्या महिन्यात घ्यायचा असतो. तोवर काय सांभाळायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

बिल्डरबद्दल एवढंच. फुकटच्या आराखड्याचे पैसे बांधकामाच्या दरात निघतात. आणि भिंत एकदा पाडली की ती ठेवता आली असती का, हा प्रश्न विचारायलाही कुणी उरत नाही.

आता, पुढचं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही मान्य करतो. भिंतीचा दगड कोणता, जोडकाम चुन्यात की सिमेंटात, छपराच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) लाकडी होत्या की लोखंडी, आग किती वेळ धुमसली, इमारत वारसा यादीत आहे का, चर्च कोणत्या पंथाचं, जमीन कुणाच्या नावावर. यातल्या एकेका गोष्टीने सल्ला बदलतो. म्हणून मी नेमकं उत्तर देण्यापेक्षा मी स्वतः अशा जागी कोणत्या क्रमाने विचार करतो ते सांगतो.

पहिली भीती भिंत पडण्याची. छप्पर नुसतं पावसापासून वाचवत नाही, ते समोरासमोरच्या दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतं. ते गेलं की उंच भिंत वाऱ्यात एकटी उभी राहते. सगळ्यात धोक्याची ती दर्शनी बाजूची त्रिकोणी भिंत, कारण तिचा वरचा भाग केवळ छपराच्या आधाराने उभा असतो. लोखंडी गर्डर असतील तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. दहा मीटर लांबीचा गर्डर पाचशे अंशांनी तापला की साधारण ६० मिलिमीटर लांब होतो. त्याला जायला जागा नसते, मग तो भिंतीचा माथा बाहेर ढकलतो, आणि थंड होताना स्वतः लोंबकळत खाली येतो. भिंत मात्र ढकललेल्या जागीच राहते. तेव्हा आधी ओळंबा (वजन बांधलेली सरळ लोंबणारी दोरी) लावून प्रत्येक भिंत किती झुकली आहे ते मोजा, तड्यांवर खुणा करून तारीख घाला आणि दर आठवड्याला बघा. झुकाव वाढत असेल तर त्याच दिवशी टेकू. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. तो जुन्या दगडी कामातला हवा. केवळ आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, इमारती केलेला माणूस अशा भिंतीकडे बघून हमखास 'पाडा' म्हणतो. त्याचा दोष नाही, त्याच्या हिशेबात ती भिंत बसतच नाही.

दुसरी भीती पाण्याची. आग विझवायला जे पाणी मारलं ते भिंतीच्या पोटात गेलंय आणि आता वरून पाऊस येतोय. भिंतीचा माथा उघडा पडला की पाणी आतल्या भरावात उतरतं, चुना धुवून काढतं. आगीतून निभावलेल्या भिंती पुढच्या दोन पावसाळ्यांत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून माथ्यावर झाकण, खिडक्यांच्या पोकळ्यांना जाळी आणि शक्य असेल तर वरून तात्पुरतं पत्र्याचं छप्पर. ते छप्पर भिंतीवर टेकवायचं नाही, स्वतःच्या परांचीवर उभं करायचं, आणि वाऱ्याने उचललं जाणार नाही अशी वजनं खाली टाकायची. हा खर्च समितीला फार जड जातो. 'तात्पुरत्या गोष्टीवर एवढे पैसे?' हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत ऐकलाय. तो खर्च केला तरच पुढचं वर्ष शांतपणे विचार करायला मिळतं.

पॅरिसच्या नोत्र-दामचं उदाहरण घ्या. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, पाच वर्षांत उभारू अशी घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली, आणि ७ डिसेंबर २०२४ ला कॅथेड्रल उघडलं. लोकांच्या लक्षात ही गती राहिली. पण त्यातली पहिली दोन वर्षं आणि वर काही महिने बांधण्यात गेलेच नाहीत, जे उभं आहे ते पडू न देण्यात गेले. आगीच्या आधीपासून मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी लावलेली परांची उष्णतेने वाकून एकमेकींत अडकली होती. तिचे सुमारे ४०,००० तुकडे दोरावर लटकणाऱ्या कामगारांनी कापून काढले, आणि ते काम २०२० च्या नोव्हेंबरात संपलं. ज्यांच्याकडे अख्ख्या देशाची ताकद आणि जगभरातून आलेली देणगी होती, त्यांनाही हा टप्पा गाळता आला नाही.

आता राडारोडा. तुमच्या मंडळीतली उत्साही मुलं एखाद्या रविवारी घमेली-फावडी घेऊन येतील. त्यांना थांबवा. एक तर राखेत काय आहे ते माहीत नसतं. जुन्या छपरात अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते आगीत फुटून त्यांचे धागे सगळीकडे पसरतात, आणि शिशाचं पत्राकाम असेल तर शिसं ३२७ अंशांनाच वितळून धूळ होऊन बसतं. दुसरं, आगीचं कारण शोधणारे आणि विम्याचे सर्व्हेअर यांचं काम संपून लेखी परवानगी हातात येईपर्यंत आग जिथे सुरू झाली ती जागा हलवायचीच नाही. आणि तिसरं, त्या ढिगात तुमचं चर्च आहे.

हे तिसरं मला एका छोट्या चर्चमध्ये कळलं. मी पोचलो तोवर मंडळींनी चार दिवसांत जागा झाडून लख्ख केली होती, तीन ट्रक भरून माल टाकून दिला होता, आणि ते मला मोठ्या अभिमानाने दाखवत होते. त्यात कैच्यांचे लोखंडी जोड गेले, दाराच्या बिजागऱ्या गेल्या, वेदीमागच्या नक्षीकामाचे अर्धवट जळालेले तुकडे गेले. एक जरी तुकडा असता तरी सुताराला त्यावरून माप, खोली, हत्याराची धार सगळं कळलं असतं. शेवटी आम्ही घरोघरी लग्नाचे अल्बम मागितले. नवरा-नवरीच्या मागे वेदी असतेच. तीस-चाळीस वर्षांच्या फोटोंतून छताच्या पट्ट्या मोजल्या, नवरीच्या उंचीवरून कठड्याची उंची काढली. एका आजींनी त्यांच्या १९६८ च्या लग्नाचा फोटो आणला. त्यात वेदीमागचा क्रूस जरा डावीकडे होता, नंतर कधीतरी कुणीतरी हलवलेला. त्यावरून पुढे दोन महिने वाद चालला, पण ते असो.

तुम्ही अल्बमची मोहीम याच आठवड्यात सुरू करा. खर्च शून्य, आणि दुखावलेल्या लोकांच्या हाताला काम मिळतं. फोटो, व्हिडिओ, जुनी नकाशापत्रं, रंगकामाची बिलं, जे असेल ते. नोत्र-दामला तर अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने आगीच्या काही वर्षं आधी लेझरने मोजून ठेवलेल्या नोंदी कामी आल्या. आपल्यासारख्यांसाठी लग्नाचे अल्बम.

ढिगारा उपसायचा तो जमिनीवर चौकोन आखून, कोणत्या चौकोनात काय सापडलं ते लिहून. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श हे चर्च १९४५ च्या फेब्रुवारीतल्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं आणि त्याचा ढिगारा जवळजवळ अर्धशतक तिथेच पडून होता. १९९० नंतर तो उपसताना एकेक दगड मोजून, नोंदून, मांडण्यांवर लावून ठेवला आणि जमले तेवढे दगड नव्या भिंतीत मूळ जागी बसवले. २००५ मध्ये ते पुन्हा उघडलं. आजही फिक्या दगडांत काळे ठिपके दिसतात, ते जुने दगड.

दगड वाचायचा कसा, हे जरा सावकाश सांगतो, कारण ठेवायचं की पाडायचं याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

काजळीला घाबरू नका. काळी पडलेली भिंत बहुतेकदा ठणठणीत असते, आणि स्वच्छ पांढरी दिसणारी जागा वाईट असू शकते, कारण तिथे उष्णता इतकी होती की काजळीसुद्धा जळून गेली. मी आधी रंग बघतो. लोहाचा अंश असलेला चुनखडी किंवा वालुकाश्म अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गुलाबी-तांबूस होतो. दगडाची एक खपली काढली तर तुटलेल्या कडेवर ही तांबूस रेघ स्पष्ट दिसते, आणि तिची जाडी म्हणजे उष्णता किती आत गेली त्याचं माप. बहुतेक ठिकाणी ती बोटभरसुद्धा नसते. दगडातून उष्णता फार सावकाश आत जाते, म्हणून दोन फुटी भिंतीच्या गाभ्याला आगीचा पत्ताही लागलेला नसतो. वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, ज्या दगडात जास्त तो ५७३ अंशांच्या आसपास एकदम फुगतो आणि आतून तडकतो. ग्रॅनाइट, वालुकाश्म यांचं हे दुखणं. चुनखडी आठशेच्या पुढे गेली तर तिचा कळीचा चुना होऊ लागतो, आणि त्यावर बंबाचं पाणी पडलं की वरचा थर भुगा होऊन गळतो.

मग छोटी हातोडी. प्रत्येक दगडावर हलकेच ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलाय. खडूने खूण करायची. हे मी अजून स्वतः करतो. यंत्रं आली आहेत आणि मी ती वापरतो, पण दोन दिवस भिंतीशी असं ठोकत फिरल्यावर इमारत जशी कळते तशी कुठल्याच अहवालातून कळत नाही. खांब मात्र वेगळे. खांबाला चारी बाजूंनी आग लागते, त्याचा घेर कमी, आणि डोक्यावर भार जास्त. भिंत ठेवायची आणि खांब बदलायचे असा निकाल अनेकदा लागतो. आयर्लंडमधल्या लाँगफर्डच्या सेंट मेल्स कॅथेड्रलला २००९ च्या नाताळच्या पहाटे आग लागली तेव्हा आतले चुनखडीचे खांब उष्णतेने इतके फुटले की ते बदलावे लागले. भिंती राहिल्या. ते २०१४ च्या नाताळला उघडलं, म्हणजे पाच वर्षांनी.

लाकूड आणि लोखंड यांबद्दल लोकांची समजूत बरोबर उलटी असते. जाड तुळई दिसायला कोळसा झालेली असते, पण लाकूड जळतं साधारण मिनिटाला पाऊण मिलिमीटरहून कमी गतीने, आणि वरचा कोळसा आतल्या लाकडाचं रक्षण करतो. कोळसा खरवडला आणि त्याखालचा तापलेला पातळ थर सोडला, की उरलेलं लाकूड पूर्वीइतकंच मजबूत. उलट लोखंड जळत नाही पण साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद घालवून बसतं. थंड झाल्यावर सरळ राहिलेला गर्डर बहुधा वापरता येतो, वाकलेला नाही. आणि घंटा असेल तर 'वाजते का बघू' म्हणून कुणालाही ठोकू देऊ नका. तापून अचानक भिजलेली काशाची घंटा आतून तडकलेली असू शकते. आधी जाणकाराने तपासायचं.

वाळवणं हा कुणालाच न आवडणारा टप्पा. दगडी भिंतीचा ढोबळ हिशेब म्हणजे महिन्याला एक इंच. दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी वर्ष लागतं, तेही हवा खेळती असेल तर. मोठाले हीटर लावून घाई केली तर पृष्ठभाग वाळतो, गाभा ओला राहतो आणि क्षार बाहेर येऊन नवा गिलावा फोडतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका समितीच्या तारखेपुढे मी मान तुकवली होती. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि रंग चढला. उद्घाटनाच्या दिवशी वेदीच्या दोन्ही बाजूंना पांढरी बुरशीसारखी फुलं आली होती, आणि मंडळी ते बघून मला काही बोलली नाहीत, हेच जास्त लागलं. तो सगळा गिलावा पुढच्या वर्षी काढून चुन्यात केला. इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर कॅसलला १९९२ मध्ये लागलेल्या आगीत सुमारे १५ लाख गॅलन पाणी मारलं गेलं होतं. तिथेही वाळवण्याचा टप्पा टाळता आला नाही, काम १९९७ ला संपलं.

विम्याचं दोन गोष्टींत आटोपतो. पॉलिसी काढा आणि दोन शब्द शोधा. भरपाई घसारा (इमारत जुनी झाल्याची घट) वजा करून आहे की पुनर्बांधणीच्या खर्चाइतकी, हा एक. दुसरा, विमा इमारतीच्या खऱ्या किमतीइतका काढला होता का. बहुतेक चर्चचा विमा कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी अंदाजाने काढलेला असतो. इमारतीची पुनर्बांधणी किंमत १०० आणि विमा ६० चा असेल, तर ५० चं नुकसान झाल्यावर ५० मिळत नाहीत, त्याच प्रमाणात ३० मिळतात. लोकांना वाटतं विमा ६० चा आहे, नुकसान ५० चं, म्हणजे सगळं भरून निघेल. हे आधी कळलं नाही तर आराखडा एका बजेटचा आणि हातात पैसे दुसरेच, असं होतं. राडारोडा हलवणं, टेकू, तात्पुरतं छप्पर हे खर्च पॉलिसीत वेगळ्या मर्यादेत असतात, ते विचारून घ्या. आणि कंपनीचा सर्व्हेअर तुमचा सल्लागार नाही, तुमचा स्वतःचा अंदाज वेगळा तयार हवा.

एवढं झालं की तुमच्या हातात तीन कागद असतील: भिंतींचा अहवाल, विम्याचा आकडा, आणि जुनं चर्च कसं होतं त्याची नोंद. आता 'जुनं की नवं' वर बसा.

माझा अनुभव असा की दोन्ही तटांना बहुतेकदा वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. जुनं हवं म्हणणाऱ्यांना सगळं जुनं नको असतं. त्यांना आत पाऊल टाकल्यावर 'हे आपलं' वाटायला हवं असतं. नवं हवं म्हणणाऱ्यांना खांबाआड बसून उपासना ऐकायचा कंटाळा आलेला असतो. म्हणून मी बैठकीत आराखडा दाखवतच नाही. प्रत्येकाला एक कागद देतो आणि दोनच प्रश्न: कोणती गोष्ट परत नसेल तर तुम्हाला चर्च परकं वाटेल? आणि कोणती गोष्ट परत आली नाही तर सुटलो म्हणाल? एका ठिकाणी पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तर आलं ते सकाळी पूर्वेच्या खिडकीतून वेदीवर येणाऱ्या उन्हाचं. तो मुद्दा एकाही आराखड्यात नव्हता.

जगात या प्रश्नाची उत्तरं टोकाची दिली गेली आहेत आणि ती सगळी आपापल्या जागी पटतात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळालं. तिथे जळक्या भिंती तशाच ठेवल्या आणि बेसिल स्पेन्स या वास्तुविशारदाने शेजारी संपूर्ण नवं कॅथेड्रल बांधलं, त्याची प्रतिष्ठापना १९६२ ला झाली. नोत्र-दामला आधी नव्या मनोऱ्यासाठी जागतिक स्पर्धेची घोषणा झाली, वर्षभर वाद झाला आणि २०२० मध्ये होता तसाच करायचं ठरलं. तुमच्यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते विंडसरचं धोरण: जे थोडं बिघडलं होतं ते होतं तसं केलं, आणि जे पार गेलं होतं तिथे नवं केलं. आग जिथे लागली त्या खासगी चॅपेलच्या जागी तर वेगळंच दालन आलं. तुमच्या भिंती चांगल्या निघाल्या तर भिंती, खिडक्या, दर्शनी भाग जुना, आणि छप्पर व आतली मांडणी नवी, ही वाट दोन्ही तटांना घेऊन जाऊ शकते. नवं केलेलं थोडं ओळखू यावं, जुन्याची नक्कल होऊ नये. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे आणि मला ते पटतं. पण भिंतींचा अहवाल खरोखर वाईट आला तर पाडण्याचीही लाज नको. जीवघेणी भिंत केवळ भावनेपोटी ठेवणं मी कुणालाही सांगणार नाही.

मोठं सभागृह हवं असेल तर आधी मोजा. सलग आठ-दहा रविवार माणसं मोजा, तात्पुरत्या जागेत का असेना. नाताळच्या गर्दीच्या मापाने चर्च बांधू नका. वर्षातले दोन दिवस ते भरतं आणि पन्नास रविवार तीच मंडळी मोकळ्या बाकांकडे बघत बसतात, त्याचा मनावर परिणाम होतो.

काँक्रीटचं छप्पर घालायचं का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. त्यालाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ ला जळालेल्या फ्रान्समधल्या रेंसच्या कॅथेड्रलवर आंरी दनू या वास्तुविशारदाने काँक्रीटच्या छोट्या तुकड्यांची, लाकडासारखी जोडलेली कैची घातली. फ्रान्समधल्याच नांतच्या कॅथेड्रलचं छप्पर १९७२ ला जळालं, काँक्रीटचं केलं, आणि २०२० च्या आगीत मोठा ऑर्गन गेला पण छप्पर टिकलं. मुद्दा बिनतोड आहे. फक्त काँक्रीट जड असतं आणि तुमच्या भिंतीचा माथा ते पेलेल का हे पुन्हा इंजिनिअरला विचारायचं. शिवाय लाकडी छत आवाज शोषतं. ते जाऊन कडक छत आलं की प्रवचनाचा शब्द घुमायला लागतो आणि मग स्पीकर वाढवत बसावं लागतं. लाकडी छप्पर केलं तरी वरच्या पोकळीत आग अडवणाऱ्या आडभिंती, धूर ओळखणारी यंत्रणा, पोटमाळ्यावर जायला धड जिना आणि एका खटक्यात बंद होणारं वायरिंग एवढं करता येतं. बंबाची गाडी कुठपर्यंत येते आणि तिला पाणी कुठून मिळतं हेही आताच बघा. आराखड्यात हे नंतर घुसवता येत नाही.

आणि एक इशारा, जो समित्या हसण्यावारी नेतात. चर्चना आगी लागण्याची एक आवडती वेळ म्हणजे दुरुस्ती चालू असताना. नोत्र-दाम दुरुस्तीत होतं. सेंट पीटर्सबर्गचं ट्रिनिटी कॅथेड्रल २००६ च्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती चालू असतानाच पेटलं आणि त्याचा मुख्य घुमट कोसळला. नांतची १९७२ ची आगही छपरावर काम करणाऱ्याच्या ब्लोटॉर्चची. करारात लिहून घ्या: वेल्डिंग, कटिंग, ब्लोटॉर्च यांचं काम त्या दिवसाच्या लेखी परवान्याशिवाय नाही, दुपारनंतर उशिरा नाही, आणि काम थांबल्यावर एक माणूस किमान तासभर तिथेच बसून राहील. त्याला वेगळा पगार द्या आणि खुर्चीही द्या, नाहीतर तो निघून जातो.

धार्मिक बाजू मी फादरांवर किंवा पाळकांवर सोडतो, पण लवकर विचारा. कॅथलिक असाल तर चर्चच्या कायद्याच्या संहितेचा (कॅनन लॉ) १२१२ वा नियम सांगतो की मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या पवित्र जागेचं पावित्र्यार्पण संपतं. म्हणजे पुन्हा विधी लागेल का, हे बिशप ठरवणार. वेदीत संतांचे अवशेष असतील तर ते राडारोडा हलवण्याआधी त्यांच्या देखरेखीत काढावे लागतील. इतर पंथांत रीत वेगळी.

राहिली नाताळची तारीख. भिंती चांगल्या निघाल्या, विमा फार अडला नाही आणि परवानग्या सरळ मिळाल्या, तर माझा अंदाज अडीच ते तीन वर्षं. हे मंडळींना आताच सांगा. तात्पुरती उपासनेची जागाही तीन महिन्यांची नव्हे, तीन वर्षांची म्हणून शोधा, म्हणजे पंखे, बाक, मुलांच्या वर्गांना खोली हे सगळं नीट होईल. पण पुढच्या नाताळला काहीच नको असं मी म्हणत नाही. तात्पुरतं छप्पर झालेलं असेल, राडारोडा निघालेला असेल, भिंती टेकवलेल्या असतील. इंजिनिअरने लेखी परवानगी दिली तर त्या उघड्या भिंतींच्या आत, साध्या जमिनीवर, एक उपासना करता येईल. मी अशा दोन उपासनांना मागे उभा होतो. एका ठिकाणी प्रत्येकाने डोक्यावर हेल्मेट घातलं होतं, फादरांनीसुद्धा.

याच आठवड्यात एवढं करा: त्रिकोणी भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट अंतरावर दोरी बांधून आत जाणं बंद करा, भिंतींचा माथा झाका, विमा कंपनीकडून टेकू लावायची लेखी परवानगी घ्या, बिल्डरला 'सध्या नाही' असं कळवा. आणि मला दोन फोटो टाका. एक त्या त्रिकोणी भिंतीचा बाजूने काढलेला, ओळंब्याच्या दोरीसह. आणि एक कुठल्याही तुटलेल्या दगडाच्या ताज्या कडेचा, शेजारी नाणं ठेवून. कडेवर तांबूस रेघ आहे का आणि किती जाड, ते दिसलं की पुढचं बोलू.